पन्नास किलोंचं पोतं, कागदावर

चित्रात एक ट्रक होता, पत्र्याची शेड होती, शेडवर 'मार्केट यार्ड, सांगली' अशी पाटी होती आणि पाटीखालून एक हमाल पाठीवर पोतं घेऊन चालला होता. पोत्यावर ठळक अक्षरांत 'हळद'. मी चित्र हातात घेतलं, पोत्यावर पंजा ठेवून ते झाकलं आणि चित्र काढणाऱ्या मुलीला विचारलं, "आता हा माणूस काय करतोय?"

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सर, भाजी आणायला चाललाय."

प्रकरण इथून सुरू झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीतले तीन आठवडे, एकच विषय आणि सात चित्रं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेच्या तयारीसाठी माझ्याकडे दरवर्षी पंधरा-वीस मुलं असतात. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय देतात, समोर काही मांडलेलं नसतं, जे काय आहे ते डोक्यातून कागदावर उतरवायचं. माणसांशिवाय हा पेपर सुटत नाही, आणि माणूस आला की त्याच्याकडं काहीतरी असतंच. पिशवी, हंडा, भाजीची पाटी, कडेवरचं पोर. ओझं वाहणारा माणूस म्हणजे स्मरणचित्राची रोजची भाजीभाकरी. तरीही इतकी वर्षं मी तो नीट शिकवत नव्हतो, हे या मुलीच्या सात चित्रांनी मला दाखवलं.

मुलीचा हात वाईट नव्हता. उलट वर्गातल्या पहिल्या तिघांत धरावा असा. माणूस साडेसात डोक्यांचा, कोपर कमरेच्या रेषेत, तळहात मांडीच्या मध्यावर, हे सगळं तिला पाठ होतं. घर यार्डाच्या मागच्या गल्लीत. फेब्रुवारीपासून नव्या हळदीची आवक सुरू झाली की गल्लीतले वाळत घातलेले कपडेसुद्धा पिवळसर होतात, असं तीच सांगायची. हमाल तिनं जन्मापासून बघितलेले. म्हणजे 'बघितलं नाही म्हणून जमलं नाही' हे नेहमीचं उत्तर इथं चालणार नव्हतं.

या पहिल्या चित्रातला हमाल चालायचा होता, पण ताठ उभा होता. दोन्ही पावलं जमिनीवर सारखी टेकलेली, गुडघे सरळ, मान वर, नजर आपल्याकडं आणि ओठांवर हलकं हसू. फोटो काढून घ्यायला थांबल्यासारखा. पोतं म्हणजे गोल कोपऱ्यांचा आयत, पाकिटाला तिकीट चिकटवावं तसा पाठीला चिकटवलेला. पोतं आणि पाठ यांच्यामधली रेषा फुटपट्टीनं मारल्यासारखी सरळ. पोत्यामुळं पाठीला काही झालं नव्हतं आणि पाठीमुळं पोत्यालाही. एकमेकांशी बोलणं बंद असलेले दोन भाऊ एका घरात राहतात, तसा प्रकार.

हे आलं कुठून? थोडं खोदून विचारल्यावर धागा सापडला. तिच्या मनातलं ओझं उचलणाऱ्याचं चित्र म्हणजे घरातल्या कॅलेंडरवरचा मारुती. एका तळहातावर द्रोणागिरी, दुसऱ्या हातात गदा, छाती पुढं, चेहरा प्रसन्न. आमच्याकडं तर समर्थांचे अकरा मारुती सातारा, सांगली, कोल्हापूरच्या याच पट्ट्यात. मारुती आमच्या डोळ्यांत बसलेला असतो. शिवाय करंगळीवर गोवर्धन तोललेला कृष्ण आहेच. या चित्रांत वजन दिसत नाही, आणि ते मुद्दामच दिसत नाही. डोंगर हलका वाटला तरच उचलणारा देव. द्रोणागिरीखाली मारुतीचा गुडघा वाकलेला दाखवला तर भक्ताच्या पोटात गोळा येईल. मुलीनं हीच रीत हमालाला लावली होती. तिचा हमाल देव झाला होता आणि पोत्यातली हळद उडून गेली होती.

इथपर्यंत माझं बरोबर होतं. यापुढं मी चुकलो.

मी तिला सांगितलं, "वाकव त्याला. आणि चेहऱ्यावर ताण दिसू दे." दर वर्षी हेच सांगत आलो होतो, तसंच याही वर्षी सांगितलं. दुसऱ्या चित्रात तिनं हमालाला कमरेतून असा काही वाकवला की धड जवळजवळ आडवं, आणि पाय मात्र खांबासारखे उभे. तिसऱ्यात वाकणं थोडं कमी केलं आणि चेहऱ्यावर मेहनत घेतली. दात ओठांवर रोवलेले, कपाळाला चार आठ्या, मानेची शीर टरारलेली आणि घामाचे थेंब. मी मोजले, सात होते. तिला ते चित्र आवडलं होतं. खरं सांगायचं तर पहिल्या नजरेत मलाही आवडलं.

मग पुन्हा पोत्यावर पंजा ठेवला. दुसऱ्या चित्रातला माणूस पडलेलं नाणं शोधत होता. तिसऱ्यातल्याची दाढ दुखत होती.

तेव्हा मी आणखी एक केलं. तिसऱ्या चित्रातलं पोतं उघडं ठेवलं आणि हमालाचा फक्त चेहरा अंगठ्यानं झाकला. वजन लगेच नाहीसं झालं. म्हणजे पन्नास किलोंचा सगळा भार त्या बिचाऱ्या चेहऱ्यानं एकट्यानं उचलला होता, अंगाला काही तोशीस नव्हती. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रॉय चौधरी यांचं 'ट्रायम्फ ऑफ लेबर' हे शिल्प १९५९ पासून उभं आहे. चार माणसं एक मोठा खडक हलवू पाहताहेत. रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर त्यांचे चेहरे दिसतही नाहीत. दिसतात ते जमिनीत रुतवलेले पाय आणि खडकाला भिडलेली पाठ-खांद्यांची एक लांब तिरकी रेघ. खडक किती जड आहे हे सांगायला तेवढं पुरतं. हे मला माहीत होतं. तरी वर्गात मी 'चेहऱ्यावर ताण दाखव' म्हणत होतो, कारण ते सांगायला सोपं आणि मुलांना करायला सोपं.

चौथं चित्र काढायच्या आधी आम्ही आठवडाभर चित्रच काढलं नाही. एका गवंड्याकडून ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, मागून आणला.

भिंत उभी आहे की कललेली, हे गवंडी ओळंब्यानं बघतो. माणसालाही तो लागू पडतो. माणसाचं सगळं वजन एका बिंदूत गोळा झालंय असं धरलं तर सरळ उभं असताना तो बिंदू ओटीपोटात, उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर येतो. त्याला आपण गुरुत्वमध्य म्हणतो. तिथून ओळंबा सोडला तर तो घोट्याच्या थोडा पुढं, पावलाच्या मधल्या भागात पडतो. दोन पावलांनी मिळून जेवढी जागा घेरली त्या जागेत ओळंबा पडतो तोवर माणूस उभा. बाहेर गेला की माणूस पडतो, किंवा पडू नये म्हणून पाऊल टाकतो.

आता पाठीवर पोतं आलं. फळ्यावर गणित मांडलं. हमाल ६० किलोंचा धरला, पोतं ५० किलोंचं. पोत्याचा मध्य माणसाच्या ओळंब्याच्या २५ सेंटिमीटर मागं. मग दोघांचा मिळून मध्य किती मागं सरकणार? २५ गुणिले ५०, भागिले ११०. अकरा सेंटिमीटरच्या थोडा वर. आणि पावलाच्या त्या मधल्या भागापासून टाचेचा मागचा काठ असतो दहा-बारा सेंटिमीटरवर. म्हणजे पहिल्या चित्रातला ताठ, हसरा हमाल पुढच्या क्षणी मागच्या मागं पोत्यावर बसणार होता. मुलगी हसली. म्हणाली, "म्हणजे सर, माझा हमाल पडलेलाच होता, मी फक्त आधी फोटो काढला."

दुसऱ्या चित्रातला उलट बाजूला गेला होता. धड आडवं, त्यावर पोतं, आणि कंबर पावलांच्या बरोबर वर. ओळंबा बोटांच्याही पुढं, मोकळ्या जमिनीवर. हा का पडतो ते समजावण्यापेक्षा करून दाखवणं सोपं. मी सगळ्यांना भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभं केलं आणि पायाशी ठेवलेला खडू गुडघे न वाकवता उचलायला सांगितला. एकालाही जमला नाही. खाली वाकताना आपलं बूड मागं जातं आणि तोल राखतं. मागं भिंत असली की ते जाऊ शकत नाही आणि माणूस पुढं कोलमडतो. तिच्या हमालाच्या मागं अशीच एक न दिसणारी भिंत होती.

मग पाण्याची बादली. दहा लिटर म्हणजे दहा किलो, वर बादलीचं वजन. एकानं उजव्या हातात भरलेली बादली धरून वर्गाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं, बाकीच्यांनी फक्त ओळंब्याची रेघ आणि खांद्यांची रेघ काढायची. चेहरा काढायचा नाही. बोटं काढायची नाहीत. धड डावीकडं कललं, डावा हात आपोआप पंखासारखा बाजूला उघडला, उजवा खांदा खाली ओढला गेला आणि मान मात्र सरळ राहिली, कारण डोळ्यांना जग आडवं झालेलं चालत नाही. बादली रिकामी करून तीच फेरी मारायला लावल्यावर डावा हात पुन्हा अंगाला चिकटला. त्या उघडलेल्या हाताकडं आजवर वर्गातल्या कुणाचं लक्ष गेलेलं नव्हतं. ओझं ज्या हातात आहे तो हात सगळे काढतात. ओझ्याची चुगली करतो तो दुसरा, रिकामा हात.

या आठवड्यात डोक्यावरच्या हंड्याचाही विषय निघाला. तिथं हिशेब वेगळा पडतो. चुंबळीवर हंडा बरोबर मधोमध बसला की ओळंबा फारसा हलतच नाही. म्हणून बाई ताठ चालते, मान खांबासारखी धरते आणि वरचं धड स्थिर ठेवून सगळी हालचाल कमरेत आणि गुडघ्यांत मुरवते. कडेवर कळशी आली की कमरेचं हाड बाहेर येतं आणि धड दुसऱ्या बाजूला कलतं. म्हणजे 'ओझं आहे तर वाकव' हा माझा नियम डोक्यावरच्या ओझ्याला साफ चुकीचाच होता. आधी ओझं कुठं आहे ते बघायचं, मग ते किती किलोंचं ते ठरवायचं. माणूस त्यानंतर. मुलं नेमकी उलट्या क्रमानं काढतात. आधी डोकं, मग धड, मग हातपाय, आणि रंगवायची वेळ आली की ओझं.

पोत्याच्या आकारावरून वजन कळत नाही, हेही इथंच सांगून टाकतो. साखरेचं पन्नास किलोंचं पोतं आटोपशीर आणि घट्ट असतं. तेवढ्याच वजनाच्या हळदीला जास्त जागा लागते, कारण हळकुंडांमध्ये पोकळी राहते. वाळक्या मिरचीचं पोतं तर बघणाऱ्याला हत्तीएवढं वाटतं. कागदावर पोतं मोठं करून ते जड होत नाही, फक्त मोठं होतं.

पुढच्या सोमवारी सकाळी आम्ही यार्डात गेलो. मी, ती मुलगी आणि आणखी दोघं. ओळखीच्या एका अडत्याला आधी विचारून ठेवलं होतं आणि हमालांच्या टोळीलाही विचारलं. लोक काम करत असताना समोर वही धरून बसायचं तर निदान विचारावं तरी. एक साठीकडं झुकलेले हमालमामा होते, तेच म्हणाले, "काढा की. पैसं पडत्यात व्हय?"

शेडमध्ये हळदीच्या थप्प्या होत्या आणि दारात ट्रक लागलेला. शेडच्या ओट्यापासून ट्रकपर्यंत एक जाड फळी टाकलेली. दोन माणसं पोत्याचे कान, म्हणजे कोपरे, धरून पोतं उचलायची, तिसरा पाठ देऊन उभा असायचा. त्याच्या पाठीवर बारदानाची घडी. पोतं पाठीला टेकलं की तो एक क्षण थांबायचा. गुडघे आणखी थोडे वाकायचे, पोतं वर सरकवायला एक हिसका द्यायचा आणि मग चालू पडायचा. तो थांबण्याचा क्षण एका सेकंदाचाही नसेल. मुलीनं तो पाचव्या-सहाव्या फेरीला टिपला आणि वहीत त्याच्यापुढं नुसती एक आडवी रेघ मारली.

चालताना पावलं लहान. हे का, ते ओळंब्यानं आधीच सांगितलं होतं. चालणं म्हणजे दर पावलाला थोडं पुढं पडणं आणि दुसऱ्या पायानं सावरणं. मोकळा माणूस हे पडणं लांबवू शकतो, पाठीवर पन्नास किलो असलेल्याला ते परवडत नाही. म्हणून पाय जमिनीपासून फार उचलला जात नाही, दोन्ही पावलं जास्त वेळ जमिनीला टेकलेली राहतात आणि गुडघा कधीच पुरता सरळ होत नाही. पाऊल पडतं तेव्हा बोटं पसरतात. चप्पल काढून फळीवर चढणाऱ्या एकाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून इतका लांब गेला होता की मध्ये पेन्सिल बसली असती. मुलीनं त्या अंगठ्याची तीन रेखाटनं केली. माझ्या मते त्या दिवसातली ती सगळ्यात चांगली रेखाटनं.

आणि पोतं. पोतं आयत राहतच नाही. पाठीच्या कण्यावर ते मध्यभागी दबतं आणि दोन्ही टोकं खाली ओघळतात. वरचा काठ मानेमागं चुण्या घेऊन बसतो. शिवणीवर, दाभणानं सुतळी ओढलेल्या जागी, ताण दिसतो. बारदानातून हळकुंडं टोचून दिसतात, त्यामुळं बाहेरची रेघ गुळगुळीत न येता किंचित खडबडीत येते. पोत्याखाली पाठीचा घाम बारदानात उतरून तिथं गडद पट्टा झालेला, आणि कोपराच्या आतल्या घडीत हळदीची पिवळी रेघ, पिंजर भरल्यासारखी.

एका मोकळ्या वेळी मुलीनं मामांना तिसरं चित्र दाखवलं. तेच, सात थेंबांचं. त्यांनी ते लांब धरून बघितलं.

"कापूस भरलाय व्हय ह्यात?" ते म्हणाले. मग तिचा चेहरा पडलेला बघून समजुतीच्या सुरात, "चित्र ग्वाड हाय, बाळ. पन ह्यो बगतोय कुठं? समोर? माणूस समोर बगत न्हाई. पायाखाली बगतो. फळीवरनं पाय सरला तर पोतं त्येच्याच अंगावर."

मी विचारलं, "मामा, दात-ओठ खाऊन उचलता का कधी?"

"दिवसात शंभर-दीडशे पोती हाणायची. दात-ओठ खात बसलं तर दात उरतील का मास्तर?" मग थोडं थांबून म्हणाले, "चालताना काय वाटत न्हाई. घेताना आन् टाकताना. वजन त्या दोन वक्तालाच."

या दोन वाक्यांनी आमचं चित्र बदललं. आम्ही इतके दिवस चालणाऱ्या हमालाच्या मागं लागलो होतो. ज्याच्या पाठीवर पोतं आहे तो सांगत होता की चालण्यात ते दिसायचं नाही. सवयीच्या माणसाचा चेहरा चालताना कोरा असतो. ती कोरी नजर दोन पावलं पुढच्या जमिनीवर असते आणि कुठलाही आटापिटा न करता तो पुढच्याच्या टाचा बघत चाललेला असतो. ओझं वाहणं हे ज्याचं काम आहे आणि ज्याला एकदाच कपाट हलवायचंय, त्यांची अंगं वेगळी दिसतात. आमच्या घरी कपाट हलवताना माझा चेहरा तिसऱ्या चित्रातल्या हमालासारखाच झाला होता, असं बायको सांगते.

मामांनी जुन्या हमालांच्या तोंडून ऐकलेल्या शंभर किलोंच्या पोत्यांच्या गोष्टीही सांगितल्या. पोत्याचं वजन कमी व्हावं यासाठी हमालांच्या संघटनांना भांडावं लागलं. पुण्याच्या हमाल पंचायतीच्या डॉ. बाबा आढावांचं नाव त्यात पुढं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषानं उचलायच्या वजनासाठी ५५ किलोंची मर्यादा धरली आहे. १९६९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या नावात 'माथाडी' आणि 'हमाल' हे दोन्ही शब्द आले, त्यातला माथाडी हा शब्दच माथ्यावरून आलेला. मुलांना हे सांगताना मी गणित पुन्हा मांडलं. त्याच ६० किलोंच्या माणसाच्या पाठीवर ५० ऐवजी १०० किलो ठेवले, अंतर तेच. २५ गुणिले १००, भागिले १६०. साडेपंधरा सेंटिमीटरच्या वर. त्या माणसाला किती वाकावं लागत असेल हे मुलीनं न सांगता वहीत काढून बघितलं, आणि त्या आकृतीत डोकं छातीच्याही खाली आलं. ते पान तिनं कुणाला दाखवलं नाही, मी वही तपासताना बघितलं.

चौथं आणि पाचवं चित्र म्हणजे खरं तर चित्रं नव्हेत. काड्यांची माणसं. पण एक अट घातली होती. आधी जमिनीची रेघ, मग पावलं, मग ओझ्याचा गोळा, आणि या दोघांमध्ये ओळंब्याची फिकट उभी रेघ. माणूस त्या रेघेभोवती गुंडाळायचा. या पद्धतीत एक गोष्ट आपोआप सुटली. पहिल्या तिन्ही चित्रांत तिनं माणसाला साडेसात डोक्यांची पुरी उंची दिली होती, वाकवल्यावरसुद्धा. पाय लांबवून तिनं ती भरून काढली होती, म्हणून दुसऱ्या चित्रातले पाय खांबासारखे वाटत होते. गुडघे वाकले, पाठ कलली, मान पुढं आली की जमिनीपासून डोक्यापर्यंत सहा डोकीच उरतात, कधी त्याहून कमी. शेजारी मोकळा उभा असलेला माणूस काढला की हा फरक डोळ्यात भरतो. म्हणून स्मरणचित्रात ओझेवाल्याशेजारी एक रिकामटेकडा असावा, असं माझं आता मत झालंय. अडत दुकानाच्या दारात तो मिळतोच.

सहाव्यात तिनं क्षण बदलला. चालणारा हमाल सोडला आणि घेण्याचा क्षण धरला. दोघं पोतं उचलून देताहेत, तिसरा पाठ देऊन वाकलाय, पोतं नुकतंच टेकतंय. रचनेच्या दृष्टीनंही हे चांगलं पडलं. तीन माणसं एका पोत्याभोवती बांधली गेली, वेगवेगळी पेरायची गरज राहिली नाही. शिवाय एका पोत्याला तीन माणसं लागतात हे बघणाऱ्याला दिसलं की पोतं जड आहे हे पाटी लावून सांगावं लागत नाही. पोत्यावरचं 'हळद' हे नाव तिनं आपण होऊन काढून टाकलं. पिवळा रंग बोलत होता.

मात्र सहाव्यातही खालची बाजू तरंगत होती. पावलांखाली काही नव्हतं. इथं रेघेचं काम होतं, हाडांचं नव्हे. सगळीकडं एकाच जाडीची रेघ मारायची तिला सवय. मी तिला ४बी पेन्सिल दिली आणि सांगितलं की वजन जिथं जिथं एका वस्तूतून दुसरीत उतरतं तिथंच दाब दे. पोतं आणि पाठ, तळपाय आणि जमीन, पोत्याचा कान आणि बोटं. बाकी रेघ सैल सोड, वरच्या बाजूची तर जवळजवळ पुसट. आणि पावलाखालची सावली पावलाला चिकटून, सगळ्यात गडद. पोस्टर कलरमध्ये करतानाही हाच हिशेब. सातव्या चित्रात तिनं हे केलं आणि माणसं पहिल्यांदा जमिनीवर आली. मी पोत्यावर पंजा ठेवला. खाली उरलेला माणूस पाठ देऊन, गुडघे वाकवून, बोटं पसरून कशाची तरी वाट बघत होता. भाजी आणायला नक्कीच चालला नव्हता.

चित्रात दोष होते. ट्रकचं चाक अंड्यासारखं, शेडचा पत्रा पर्स्पेक्टिव्हमध्ये चुकलेला, उजवीकडच्या माणसाची मान आखूड. ते मी वहीत लिहून दिले. तिच्या डोक्यात ते नव्हतेच. तिला चित्र मामांना दाखवायचं होतं.

मामा त्या दिवशी थप्पीला टेकून चहा पीत बसले होते. त्यांनी चित्र पुन्हा तसंच लांब धरलं. मधल्या माणसाच्या पायावर बोट ठेवून मान हलवली. पोत्याच्या ओघळलेल्या टोकावरून बोट फिरवलं. मग बोट डावीकडच्या, पोतं उचलून देणाऱ्याच्या हातावर येऊन थांबलं.

"ह्यो सोडनार," ते म्हणाले. "कान असा चिमटीत धरत्यात व्हय? मूठ वळाय पायजे. आंगठा आतनं." आणि कप खाली ठेवून, शेजारच्या पोत्याचा कान मुठीत धरून त्यांनी तो तिला दाखवला, एकदा हळू आणि एकदा कामाच्या वेगात.

मुलीनं वही उघडली. सातव्या चित्राच्या मागच्या बाजूला आता त्या मुठीची अकरा रेखाटनं आहेत. अंगठा अजून आतून येत नाही.